तिसरं रीळ

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे तंबू होता, त्यात टॉकी.
मी तिकिटं फाडायचो आणि मध्यंतरात सोडा विकायचो.
शिमगा सरताना बोटीनं पेट्या उतरल्या,
कागदावर रिळं सात, निघाली सहा.
तिसरं रत्नागिरीलाच राहिलं असणार.
मालक म्हणाला, लावा. इंग्रजी कुणाला कळतंय.

पहिल्या दोन रिळांत एक गोरा पोरगा,
नदीकाठी धक्क्यावरचे काळे हमाल वाजवतायत
आणि तो भावाचा कॉर्नेट घेऊन ऐकत उभा.
चौथ्यात एकदम झुंबरं, काळे कोट,
अकरा जणांचा बँड, पुढ्यात गाणारी बाई.
मधे काय झालं,
कुणी कुणाच्या दारात रात्री हाका मारल्या,
काहीच नाही.

इनास सात रात्री आला. तिकीट एकदाच काढलं.
फेस्ताला तो कॉर्नेट वाजवायचा,
तिसरी कळ खाऱ्या हवेनं धरलेली.
आठव्या दिवशी दाजी मेस्त्रींकडे गेला,
दशावतारात मृदंगावर ज्यांचे खांदे उतरले होते.
'दाजीनू, ताल जरा वाकडो करून बघूया?'
'वाकडो म्हंजे केदो?'

त्या 'केदो'त अख्खा वैशाख गेला.

होड्यांच्या मांगरात, डांबराच्या वासात
अब्दुलगनी होडेकर क्लॅरिनेट घेऊन यायचा,
बोटीवर तेलवाला असताना कराचीत घेतलेलं.
मिशन दवाखान्यातली एस्तेर नर्स
पाळी संपवून उभी राहायची, चपला हातात,
आणि ठेक्याच्या थोडी मागून गायची,
ओहोटीला खडपात अडकलेलं पाणी
उशिरा सुटतं तशी.

भांडणं झाली. गनी दोनदा निघून गेला.
एकदा मी बोलावून आणला, एकदा त्याच्या आईनं.

नवा पडाव लोटायच्या दिवशी ते पहिल्यांदा वाजले.
सोळा गडी हाळीवर जोर काढत होते,
इनासनं सूर उशिरा सोडला, सोळाही चुकले,
पडाव वाळूत रुतला.
शिव्या. मग दाजींची थाप पडली, वाकडी,
नेमकी तेवढी वाकडी,
आणि पडाव पाण्यात.

गणपती गेल्यावर पहिल्या बोटीनं तिसरं रीळ आलं.
आम्ही सगळे पुढच्या बाकावर.
एक खोली, एक हस्तांदोलन, एक विनोद,
चार मिनिटांत बँड जमला.
दाजी अंधारातच म्हणाले,
'आणि ज्येंच्याकडसून शिकलो, ते खंय गेले?'

बाहेर येऊन इनासनं कॉर्नेट उलटा केला,
आतलं पाणी वाळूत ओतलं.
बरंच निघालं.