सात झाले, सात उरले

तक्ता मी बिलबुकाच्या मागच्या पानावर मांडलाय.
चौदातले सात झाले. तीन जिंकलो, तीन हरलो,
एक ओझरला बरोबरीत सुटला,
ज्यातला शेवटचा गुण पंचांनी सोडून दिला
आणि मी अजून सोडलेला नाही.
चौघे पुढे जातात. आपण पाचवे.
पाचवी जागा म्हणजे काय?
द्वारकेवरून शेवटची बस हलते
आणि कंडक्टर तुमच्याकडे बघून
मान डोलावतो, ती जागा.

अशोकस्तंभापासून दोन गल्ल्या आत माझं दुकान.
उंटवाडीच्या पोरांच्या पाठीवरचे आकडे
अकरा वर्षं माझ्याच प्रेसखाली चिकटतात.
एकशे साठ अंश, पंधरा सेकंद,
म्हणजे अर्धी चढाई.
तेवढ्यात मी एकदा दम धरते. सवयच लागली.

प्रशिक्षक पकडी मोजतात. मी मापं.
तन्वीर, नऊ नंबर, दिवाळीत एल होता.
परवा फाटकी जर्सी घेऊन आला, म्हणाला,
काकू, या वेळी एम द्या.
मी काही विचारलं नाही.
चढाईपटू हलका झाला की त्याला वेग आलाय म्हणायचं,
असं सगळे म्हणतात.
पण त्याच्या नखांत ग्रीस होतं
आणि दुपारी चारला तो जांभया देत होता.
अंबडला रात्रपाळी लागलेली दिसतेय.
बोनसच्या रेषेवर पाय अर्धा इंच कमी का पडतो,
हे आता मला माहीत आहे
आणि कुणाला सांगायचं ते माहीत नाही.

रोहिदास बेंडकुळेचा डावा कोपरा शाबूत आहे, देवाची कृपा.
घोटा धरला की धरला,
मग समोरचा मालेगावचा असो नाही तर यमाचा.
पण गुडघ्याला पट्टा दोन पदरी झालाय.
आणि त्याच्यामागे बाकावर कोण?
खैरनारांचा वेदांग. सतरा वर्षांचा. स्मॉल.
पहिल्या सामन्यात शिट्टी व्हायच्या आधीच
त्यानं पंचांना नमस्कार केला होता.

घरी म्हणतात, पगार देतात का तुला ते?
उलट मागच्या खेपेचे नऊशे चाळीस यायचेत.

रात्री शटर अर्धं ओढून मी हिशेब करते.
जर सिन्नर देवळालीकडून हरलं,
जर मालेगाव आणि येवल्याचं बरोबरीत सुटलं,
जर आपण पुढच्या पाचातले चार,
आणि त्यातल्या एकात तरी लोण चढवून,
म्हणजे गुणफरक भरून निघेल.
भराभर लिहीत जाते. 'जर'वर जीएसटी नाही.
मग चहा निवतो, आणि तोच कागद
उलटा धरला तर सातवी जागाही निघते.
ती मी खोडते. पेनानं नाही, पेन्सिलीनं.

परवा मंडळाचे चिटणीस आले होते, दाभाडे सर.
म्हटलं, उपांत्य फेरीला नवा सेट लागेल ना, सर?
म्हणाले, बघू. आत्ताच कशाला.
बरोबर आहे त्यांचं.
ताटात पडेपर्यंत जेवण म्हणू नये.
शहाण्या माणसानं असंच वागावं.

त्याच रात्री मी पांढरा रोल उघडला
आणि आकडे कापून ठेवले.
पेपरात गुंडाळून गल्ल्याखाली सरकवले,
हे ह्यांनाही सांगितलेलं नाही.
अपशकुन झाला की तयारी झाली,
एप्रिलमध्ये कळेल.
सगळे एकेकच कापलेत.
नऊ तेवढा दोन मापांत.

शनिवारी सिन्नर.
निफाडला पारा पाचावर आलाय,
हॉलची मॅट थंड पडली की पाय घसरतात,
आपले घसरतात तसे त्यांचेही घसरोत.
साडेपाचला शटर ओढणार आहे,
गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.