पाचवं गलबत

सालेह बलूकीकडे पाच गलबतं होती
आणि हिशेबाला मी, बाणकोटचा.
तो नाखुदा म्हणायचा, मी नाखवा,
बंदर मात्र दोघांचंही बंदरच.
पगार दिरहममध्ये, शिव्या फारसीत.

माल त्याला तोंडपाठ असे.
जाताना कुठल्या फळीखाली कलिंगडं, कुठे बकऱ्या,
दुबईच्या खाडीतून येताना
किती फ्रीज, किती टायर
आणि किती, कागदावर नसलेलं.
ते मी लिहीत नसे. तो विचारत नसे.

मग पोलादी जहाजं आली,
एकेकीच्या डेकवर आमची दहा मावतील अशी.
चार विकली.
पाचव्याला गिऱ्हाईक मिळालं नाही.
त्याच वर्षी कोंगच्या लोकांनी
त्याला नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं.
वादळातून माणसं परत आणली यानं,
गटारं तरी उपसेल, म्हणाले.

पहिल्या दिवशी कचेरीत त्यानं एवढंच विचारलं,
खिडकी दर्याकडे का नाही?

दुसऱ्या दिवसापासून
गावच लादायला घेतलं.
जड ते तळाला, नासणारं ते हाताशी.
पाण्याची टाकी आधी,
वेशीवरची कमान मग बघू.
शमाल सुटला की अर्ध्या रात्री निघायचा,
दिवे मोजत, पत्रे चाचपत,
विजेच्या तारा खालून बघत राहायचा
शिडाचे दोर बघावेत तसा.
मागून मी, डोळ्यांत वाळू,
पगार कोण देतंय आता, विचारायचं राहून गेलेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात एक नोटीस निघाली:
किनाऱ्यावर पडून असलेला लाकडी सांगाडा
सात दिवसांत हलवावा, न हलवल्यास दंड.
खाली सही त्याची.
वर मालकाचं नाव, तेही त्याचंच.

आठव्या दिवशी तो रांगेत होता.
पुढे मासळीवाली गुलसूम, पाटी डोक्यावर तशीच,
मागे कुणी घरपट्टीवर भांडायला आलेला.
खिडकीतला पोरगा ताडकन उभा राहिला.
बस रे, पावती फाड.

गलबत हललं नाही.
पुढच्या महिन्यात पुन्हा रांग, पुन्हा पावती.
त्याच्या पुढच्याही.

शेवटी वही घेऊन मीच कचेरीत गेलो.
शेठ, हे कुठल्या खात्यात टाकू?
दंड? दुरुस्ती? धर्मादाय?

तो खिडकीबाहेर बघत होता.
बाहेर भिंत होती.

लिही, म्हणाला,
बंदरभाडं.