उघाडी

तिसऱ्या सेमिस्टरला देवस्थळी मॅडम म्हणाल्या,
ड्रॅगन नकोत, झोंबी नकोत.
राहता तिथलं काहीतरी करा,
एका सर्व्हरवर चौघं खेळतील असं.
जोएलने वाशीचा पूल घेतला, रेस लावायला सोपा.
तस्नीमने एपीएमसीतले ट्रक.
मी शहाबाजची.
मी मिठागर घेतलं,
जे मी कधी पाहिलेलं नाही.

होतं तिथं आता सेक्टर आहे,
सेक्टरात आमचं साडेबारा टक्क्यांतलं घर,
तिसरा मजला,
आणि गॅलरीत बाबांची खुर्ची
भिंतीकडे तोंड करून.
भिंतीपलीकडे खाडी, असं ते म्हणतात.

आधी मी पाणी केलं.
सपाट निळा कागद, खालून वर सरकणारा.
बाबा जेवता जेवता उठून मागं उभे राहिले,
खरकटा हात तसाच वाळत.
"पानी असा नाय चरत, पोरी.
आधी नाकान येतंय, मंग डोल्यान, मंग पायान."
नाकासाठी माझ्या इंजिनात काही नव्हतं.
म्हणून मी आवाज घातला,
चिखलात खेकड्यांची बिळं बुडतात तेव्हाचा.
तो बाबांनी तोंडाने काढला,
मी फोनवर घेतला, नऊ टेक.
सहाव्या टेकमध्ये कुकरची शिट्टी आहे.
तोच वापरला.

मग बांध.
बांधाला कोलायडर लावायचा विसरले,
माझा माणूस मातीतून आरपार.
मला हसू आलं, बाबांना नाही.
"आसाच झाला व्हता," म्हणाले,
"बांध कागदाव व्हता. मानसा आरपार गेली."

नियम एकच ठेवला.
भरती खऱ्या कोष्टकावर चालेल.
उधाणाला चौघांनी बांधावर उभं राहून चिखल घालायचा,
एकानं दांडी मारली तर तयार मीठ
पुन्हा पाणी.

टेस्टिंगला बाराजण आले.
जोएलने बांधावर चाळीस उड्या मारल्या, नाचला, गेला.
तस्नीम म्हणाली, मीठ होईपर्यंत करायचं काय?
म्हटलं, वाट बघायची.
ती म्हणाली, हे बटण कुठंय?
मॅडमचा शेरा लाल अक्षरात:
'विन कंडिशन आढळत नाही.'

सबमिशनच्या आदल्या रात्री
नेरुळच्या लॅबमध्ये मी एकटी,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय,
कपातल्या नूडल्स थिजलेल्या,
विन कंडिशन लिहायला घेतलेली:
शंभर पोती झाली की फटाके.
सर्व्हरवर एक आकडा हलला.
एक खेळाडू. पाहुणा ३.

कॅमेरा नेला तर उघाडीजवळ उभा.
एक पाऊल पुढं, एक मागं.
चॅटमध्ये नुसते डब्ल्यू, सतरा डब्ल्यू,
पुढं चालायचं बटण
चुकीच्या चौकटीत दाबलेलं.
घरचा जुना लॅपटॉप मी त्यांना चालू करून दिला होता,
बंद कसा करायचा ते सांगायचं राहिलं होतं.

अमावास्या होती, मी कोष्टक पाहिलं.
रात्री पाऊण वाजता उधाण.
घड्याळात बारा बावीस.
पाणी बांधापासून वीतभर खाली,
कुकर कुठंतरी बारीक शिट्टी देतोय.

फटाक्यांची फाईल बंद केली.
सेव्ह करू का, विचारलं. नको.
चिखल उचलून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.
त्यांना कळलं असावं,
पाहुणा ३ थोडा सरकला, जागा दिली.

अजून दोघं लागणार होते.
मी जोएलला फोन लावला.