नसलेलं

तासगावच्या कोल्ड स्टोरेजात रात्री दीड वाजता
बेदाण्याच्या चौदाशे पावत्या
आणि मी लिहिलेली एक ओळ:
आधी टोपी, मग टिंब, चांदणी, शेवटी डॉलर.
आहे ते दाखवू नकोस, म्हटलं तिला,
ज्या पावतीत वजन नाही, तेवढीच काढ.

निघाल्या चौदाशेच्या चौदाशे.

यंत्राला वेलांटी म्हणजे अक्षर वाटत नाही.
‘किलो’तला क उचलला आणि तिथंच अडखळलं.
चूक माझीच.
काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना
चौकटी कंसात जागा करून दिली,
पुन्हा चालवली.

आता एकच.
लॉट सातशे तीन, सावळज, इंदुबाई झांबरे.
वजनाच्या जागी शिदूअण्णा तोलाईदारानं टाइप केलंय,
‘बाई म्हणाल्या थांबा, अजून एक क्रेट येतोय.’

तारीख फेब्रुवारीची. आज जून.
फोन लावायचा तर उजाडायला हवं.
कॉम्प्रेसर घरघरतोय,
पडद्यावर ती ओळ
गेटपाशी पिशवी घेऊन उभ्या माणसासारखी.

पुसली नाही.
नियमातच एक ‘किंवा’ घातला:
उभी रेघ,
आणि तिच्या पुढं
थांबा