सतरा सक

माझ्या नव्या साहेबाचं नाव गेला.
इकडे काखेतीत हे साधंच नाव आहे,
आणि गेला रोज सकाळी पावणेसातला येतो.
आईला फोनवर सांगितलं, साहेब गेला.
"अगं बाई, कधी?" ती म्हणाली.
"आणि तुझ्या पगाराचं?"

पगाराचं ठीक आहे.
काम मात्र निराळंच निघालं.
कागदावर मी यीस्टच्या वसाहती मोजणारी,
पांढरा कोट, खिशाला दोन पेनं.
गेलाने माझे खांदे नुसत्या नजरेने वितीवितीने मोजले
आणि हातात दिला चेरीच्या सालीचा कुंचा.

मारानीच्या जमिनीत
गळ्यापर्यंत पुरलेले सोळा रांजण,
क्वेव्री म्हणतात त्यांना.
द्राक्षतोडीला तीन आठवडे.
"आधीचा पोरगा आता मावत नाही,"
त्सियाला म्हणाली. "लग्न केलं त्याने."
तिने माझ्या कमरेला दोर बांधला, निरगाठ.
सुरगाठ का नको, हे विचारण्याइतकी
भाषा मला येत नव्हती.

आधी मेणबत्ती सोडली आत.
ती जळत राहिली.
मग मी.

नियम एकच, बोलत राहायचं.
तळाशी वायू साचतो, त्याला रंग नाही, वास नाही.
आवाज थांबला की वरचे दोर ओढतात.

माझं सगळं जॉर्जियन तीन मिनिटांत संपलं.
पाणी, पाव, माफ करा, केवढ्याला,
दहापर्यंत आकडे,
आणि मामा, म्हणजे इथे बाप.
हे काही मनाला पटेना, म्हणून पुन्हा म्हणून पाहिलं,
मामा, मामा.
वरून गेलाने ओ दिली.
तीन पोरांचा बाप, सवय असणार.

आता काय बोलू?
माती प्रत्येक शब्द फुगवून परत करते.
स्तोत्रं मला निम्मी येतात.
नवऱ्याशी मनातल्या मनात सात महिने चाललेलं भांडण
इतक्या मोठ्याने ऐकण्यासारखं नाही.
म्हणून पाढे.

बारा ते सोळा, बिनचूक.
राखेचं पाणी मनगटावरून कोपरात,
कोपरातून काखेत,
गेल्या वर्षीचा आंबूस चिकटा नखांत,
कुंचा गोल, मी गोल,
सतरा त्रिक एकावन्न,
सतरा चोक अडुसष्ट,
सतरा पंचे पंच्याऐंशी,
सतरा सक

सतरा सक

हिसका बसला.
मी उजेडात. कुंचा खाली, एक बूट खाली,
बरगडीवर दोराचा लाल वळ.
"मी ठीक आहे, विसरले फक्त," मराठीतच ओरडले.
गेला माझ्याकडे बघत नव्हता.
त्याचे हात दोरावरून सुटत नव्हते,
त्सियालाने एकेक बोट सोडवलं.

नंतर चुलीपाशी तिने पावाचा तुकडा मोडून दिला,
माझ्यासमोर दोन बोटं धरली,
आणि छातीवर हात ठेवला. मुलगे.
मग त्यातलं एक बोट मिटलं.
कुठल्या रांजणात, कुठल्या साली,
मी विचारलं नाही.

राहिलेल्याचं नाव गेला.

दुपारी पुन्हा दोर, पुन्हा मेणबत्ती.
मी तळाला टेकले, बूट शोधला,
तोंड उघडणार इतक्यात वरून
जाडाभरडा, प्रत्येक अक्षर अडखळत,
"सतरा सक?"

एकशे दोन, मी म्हणाले.
रांजण म्हणाला, एकशे दोन.

थोड्या वेळाने पुन्हा, "सतरा सक?"
एकशे दोन, गेला. एकशे दोन.

अजून पंधरा रांजण आहेत.