विसर्ग

गंगापूर धरणावर छत्तीस वर्षं
मी पाणी वाचलं.
पहाटे सहाला पट्टीशी टॉर्च धरायची,
आकडा वहीत, मग फोनवर:
इतके दलघफू, इतके क्युसेक.
मारुतीच्या कमरेला लागलं, असं गावात म्हणायचे
तेव्हा ते मला कधीचंच ठाऊक असायचं.

आता सहाला काट्यावर उभा राहतो.
वही त्याच खात्याची, उरलेली पानं.
सोमवार, एकसष्ट चारशे. मंगळवार, एकसष्ट नऊशे.
गुरुवारी त्रेसष्ट.
कुमुद नडगीवर अंगठा दाबते
आणि आम्ही दोघं बघत बसतो
खळगा भरायला किती वेळ लावतोय.

डॉक्टर खैरनारांनी पडद्यावर पिशवी दाखवली होती.
आवळायला जाते, आवळत नाही.
"तीस टक्के."
"पस्तीसला पास करतात हो," मी म्हणालो.
ते हसले. कुमुद नाही हसली.
सरकारच्या मिठाला जागलो म्हणून निरोपाला शाल मिळाली,
आता मीठच बंद.
पाणी दिवसाला सव्वा लिटर,
बाटलीवर नेलपॉलिशची रेघ.
धरणावरच्या माणसाला!

मला वाटायचं, मी एकटाच.
पण बाकावर जागा नसते.
सिन्नरच्या जिजाबाई, विड्या वळून वाकलेल्या बोटांत फाइल.
ओझरचे मोगल, दोन झटके पचवलेले.
अंबडच्या कंपनीतला पोरगा, चौतिशीचा,
साध्या तापाने हृदय सैल पडलं त्याचं.
हळूच विचारतो, "काका, तुम्हाला उश्या किती?"
तीन, मी सांगतो.
तो मान हलवतो, त्याच्या दोन.

बरं होत नाही हे, रोज बिघडतही नाही.
महिनोन्महिने सपाट.
मग एका रात्री छातीत पाणी,
खिडकीचे गज धरून हवा गिळायची,
द्वारकेवरून रिक्षा, सुया, चार दिवस, घरी.
लोक म्हणतात, उतरला पूर.
उतरतो. पण प्रत्येक वेळी मला
आधीपेक्षा एक पायरी खाली ठेवून जातो.
पूर्वी भाजी आणायचो रविवार कारंज्यावरून.
मग कोपऱ्यावरून. आता गॅलरीतून
पिशवी खाली सोडतो.

दरवाजा किती इंच उचलायचा
ते वरून कळवायचे तेव्हा.
आता गोळी एक की दीड, ते कुमुद ठरवते,
चष्मा कपाळावर ढकलून,
माझे पाय मांडीवर घेऊन.

आज सकाळी न्हाणीतून तिने विचारलं, "किती?"
मी काट्यावरूनच, जुन्या आवाजात:
"एकसष्ट सहाशे. विसर्ग सुरू आहे."
तिने फक्त आकडा लिहिला.