कोरा खळगा

उंदरांची खोली रिकामी होऊन सात वर्षं झाली.
तरी दाराशी आले की माझा आवाज आपोआप खाली येतो.
सीट्स्के, आत कोणी नाही, फोल्कर्ट म्हणतो,
फक्त फ्रीज आहेत.
ठाऊक आहे. मीच लावून घेतले ते.

ग्रोनिंगेनबाहेर, कालव्याला पाठ करून बसलेली ही इमारत.
इथे तीस वर्षं मी वजनं केली.
एकवीस दिवसांची मादी, तीन दिवस रसायन,
चौथ्या दिवशी माझा हात.
गर्भाशय काढायचं, टिपकागदावर टेकवायचं, मग काटा:
एकोणतीस पूर्णांक चार मिलीग्रॅम.
फुगलं असेल तर रसायन बाईच्या संप्रेरकाचं सोंग घेतं.
नसेल तर नाही.
एका आकड्याला एक जीव, असा भाव होता तेव्हा.
कुणी घासाघीस केली नाही.
मीही नाही.

आता तळहाताएवढी तबकडी, तिला शहाण्णव खळगे.
खळग्यात पेशी, केव्हाच गेलेल्या कुठल्याशा बाईच्या,
पेशीत काजव्याचा एक तुकडा शिवलेला.
खोटी किल्ली खऱ्या कुलपात फिरली
की उजेड पडतो,
इतका मंद की यंत्रालाच दिसावा.
रक्त नाही. हातमोजेसुद्धा कोरडे.

मी हे कौतुकानं सांगत होते तेव्हा हिस्के म्हणाली,
आई, तुझ्या पेशीला यकृत असतं?
ती झोपते? वयात येते?
तिला लेक होते का, आणि त्या लेकीला
पंचविशीत कळतं का, आपल्यात काही बिघडलंय ते?
सहावा महिना होता तिला.
मी बटाटे सोलत राहिले.
उंदराला तरी पंचविशी कुठे होती, असं म्हणता आलं असतं,
पण ते उत्तर नव्हे, वेळ मारून नेणं.

म्हणून तर आम्ही यकृताचा अर्क वेगळा घालतो,
मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या पेशी वेगळ्या वाढवतो,
संगणकावर एक देह मांडतो, ज्याला नाव नाही, भूक नाही.
एका बाईचे दहा तुकडे.
शिवणी अजून उसवलेल्याच.
ब्रुसेल्सहून पत्र येतं: एवढं पुरेसं आहे का?

मंगळवारी शेवटच्या ओळीतला शेवटचा खळगा उजळला.
तो कोरा. त्यात आम्ही काहीच घालत नाही.
पुन्हा केलं. पुन्हा उजळला.

आणि मला ते पिंजरे आठवले.
नोकरीचं तिसरं वर्ष, धुण्याच्या यंत्रात नवा साबण,
प्लास्टिक धुरकटलेलं,
आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या माद्या फुगलेल्या.
त्रेचाळीस.
आम्ही म्हणालो, प्रयोग फसला.
वहीत माझ्याच अक्षरात आहे: चूक, रद्द.
त्या खरं सांगत होत्या.
पिंजराच झिरपत होता.

फोल्कर्ट म्हणाला, तबकडी बदल, दुसऱ्या कंपनीची घे.
घेईन. तिचाही कोरा खळगा आधी बघेन,
मग पाण्याची बाटली, मग नळी,
मग हा माझा चहाचा पेला.

पण त्याआधी वही उघडली.
रद्द लिहायला हात गेला होता, सवयीनं.
लिहिलं:
काही न घालता उजेड.
एक हजार दोनशे सहा.